हात पावला पाहिजे: विद्यार्थ्यांच्या बिग बँडसाठी चार्ट निवडताना

फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत विद्यार्थ्यांचा जॅझ बँड उभा करण्याचे काम माझ्याकडे आले, त्या पहिल्याच वर्षी मी अमेरिकन संगीतकार नील हेफ्ती यांच्या ‘लिल डार्लिन’चा चार्ट (बँडमधल्या प्रत्येक वाद्याचा लिहिलेला भाग असलेला कागदांचा संच) निवडला आणि पुरता फसलो. काउंट बेसी यांच्या बँडने १९५७ साली ध्वनिमुद्रित केलेली ही रचना कागदावर अगदी गरीब दिसते. स्वरांची गर्दी नाही, ट्रम्पेटला शिखरावर चढायचे नाही, लय संथ आहे. पहिल्या तालमीत मुलांनी ती न अडखळता वाचून काढली आणि मी खूश झालो. दुसऱ्या तालमीपासून माझ्या लक्षात येऊ लागले की एकच स्वर सगळे जण एकाच वेळी वाजवत नाहीत. कोणी मात्रेच्या किंचित आधी उतरत होता, कोणी नंतर, आणि दोन स्वरांमधल्या त्या लांबलचक मोकळ्या जागेत ड्रमवर बसलेला मुलगा घाबरून पुढे पळत होता. सहा आठवड्यांनंतरही हे सुधारले नाही, म्हणून कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी तो चार्ट काढून टाकावा लागला.

खरे तर मला हे आधीच कळायला हवे होते. मी लहानपणी आठ वर्षे तबला शिकलो, आणि विलंबित एकतालाची साथ करताना दोन मात्रांमधले अंतर भरणे हे द्रुत लयीतल्या कोणत्याही तुकड्यापेक्षा कठीण असते, हे माझ्या हातांना ठाऊक होते. तरीही पाश्चात्त्य स्वरलिपीचा कागद समोर आला की आपण काळे ठिपके मोजतो आणि ठिपके कमी म्हणजे काम सोपे, असा हिशेब करतो. हेफ्ती यांनी ही रचना मुळात याहून जलद लयीत योजली होती आणि बेसींनी ती संथ केली, असे सांगतात; अनेक वर्षे रोज एकत्र वाजवणाऱ्या बँडला ते शोभले. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या शिक्षकाला मी सांगेन की पहिल्या दोन वर्षांत मध्यलयीतले चार्ट घ्यावेत, फार जलद चार्ट टाळावेत, पण फार संथ चार्टला त्याहूनही अधिक भ्यावे.

गोव्यातल्या मुलांच्या बाबतीत ही फसगत अधिक सहज होते, आणि त्याचे कारण त्यांच्या गुणातच आहे. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमधून सोल्फेजचे, म्हणजे स्वरलिपी पाहून गाण्याचे, शिक्षण दिले गेले आणि त्याची परंपरा अजून टिकून आहे. गावातल्या मेस्त्राकडे, म्हणजे संगीतशिक्षकाकडे, व्हायोलिन शिकलेले दहा-बारा वर्षांचे मूल नवा कागद समोर ठेवला की बिनचूक वाचते. त्यामुळे प्रकाशकाने ‘मध्यम’ म्हणून दर्जा दिलेला चार्ट आमची मुले पहिल्या बैठकीतच संपवतात. पण जॅझमध्ये कागदावर सारख्या लांबीचे दिसणारे दोन अष्टमांश (अर्ध्या मात्रेचे) स्वर स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, सारखे वाजवायचे नसतात. पहिला लांब आणि दुसरा आखूड, साधारण तिस्र जातीच्या अंगाने, असे वाजवायचे असतात, आणि लय वाढत जाते तसा हा फरक कमी होत जातो. प्रामाणिकपणे वाचणारे मूल मात्र लिहिले आहे तसेच वाजवते, आणि त्याचा परिणाम मिरवणुकीतल्या बँडसारखा ऐकू येतो. (मिरवणुकीतल्या बँडबद्दल मला आदरच आहे, माझ्या बँडमधले निम्मे ट्रम्पेटवादक तिथूनच आले.) म्हणून चार्ट निवडताना ‘आमची मुले हे वाचू शकतील का’ हा प्रश्न मी आता विचारतच नाही. ही चाल त्यांना कागद बाजूला ठेवून गाता येईल का, एवढेच पाहतो. गाता येत असेल तर स्विंग शिकवता येतो; ‘डू-डा’ अशा अक्षरांत म्हणून घेतला की तो आठवड्याभरात हातात उतरतो.

बिग बँडची प्रचलित मांडणी १७ जणांची असते: २ अल्टो, २ टेनर आणि १ बॅरिटोन असे ५ सॅक्सोफोन, ४ ट्रम्पेट, ४ ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बास व ड्रम्स यांचा रिदम सेक्शन. गोव्यात असा सतरा जणांचा संच विद्यार्थ्यांमधून जमवणे कठीण असते. पहिल्या वर्षी माझ्याकडे तीन अल्टो, एक टेनर, तीन ट्रम्पेट, दोन ट्रॉम्बोन, एक चेलो आणि तब्बल सहा व्हायोलिन होती. बॅरिटोन सॅक्सोफोन मी विद्यार्थ्याच्या हातात पाहिलेलाच नव्हता. अशा वेळी दोन-तीन खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी उभा राहणारा चार्ट शोधावा लागतो. शालेय बँडसाठी लिहिलेल्या अनेक चार्टमध्ये दुसरा टेनर, चौथा ट्रम्पेट, तिसरा आणि चौथा ट्रॉम्बोन ऐच्छिक असल्याचे पहिल्याच पानावर नमूद केलेले असते, आणि महत्त्वाच्या ओळी दुसऱ्या वाद्याच्या भागात बारीक अक्षरांत क्यू म्हणून छापलेल्या असतात. ही बारीक छपाई आहे की नाही, हे मी विकत घेण्याआधी पाहतो.

बॅरिटोनच्या रिकाम्या खुर्चीवर एक जुना उपाय आहे आणि तो सोल्फेज शिकलेल्या मुलांना लगेच समजतो. बॅरिटोन सॅक्सोफोनचा भाग ट्रेबल क्लेफमध्ये (उंच स्वरांच्या चिन्हात) लिहिलेला असतो, आणि कागदावर दिसतो त्याहून वेगळा स्वर प्रत्यक्षात वाजतो. तोच कागद बास क्लेफ (खालच्या स्वरांचे चिन्ह) आहे असे समजून वाचला आणि सुरुवातीच्या चिन्हांत तीन फ्लॅट (स्वर अर्ध्या पायरीने उतरवणारी चिन्हे) मिळवले, तर नेमका प्रत्यक्ष वाजणारा स्वर मिळतो, सप्तकासकट. मूळ भागात एक शार्प (स्वर अर्ध्या पायरीने चढवणारे चिन्ह) असेल तर वाचणाऱ्याने दोन फ्लॅट धरावेत. मध्येच येणाऱ्या चिन्हांकडे मात्र लक्ष हवे: बास क्लेफमध्ये वाचताना बी, ई आणि ए या स्वरांपुढे शार्प आला तर तो नॅचरल (न चढवलेला, न उतरवलेला) वाचावा, नॅचरल आला तर फ्लॅट वाचावा. आमच्याकडे चेलो वाजवणारी मुलगी अशा रीतीने तीन वर्षे बॅरिटोनचा भाग वाजवत आहे आणि सॅक्सोफोनच्या सुरावटीचा तळ तिच्यामुळे टिकतो. व्हायोलिनसाठी मी पहिल्या अल्टोचा भाग नोटेशनच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रत्यक्ष स्वरांत उतरवून घेतो, पण सहाही व्हायोलिने सतत वाजवली तर अल्टो बुजतो, म्हणून ती संथ चालींपुरतीच ठेवतो.

स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेला कागद, हातात आला की मी सर्वांत आधी पहिल्या ट्रम्पेटची ओळ शेवटपर्यंत पाहतो. तिथला सर्वांत उंच स्वर महत्त्वाचा आहेच, परंतु त्या उंचीवर किती वेळ राहायचे आहे, हे त्याहून महत्त्वाचे असते. पाच रेषांच्या लगेच वरचा जी विद्यार्थ्याला झेपतो, ए ओढूनताणून येतो, आणि त्यावरचा सी लिहिलेला असेल तर तो चार्ट मी मिटून ठेवतो. शेवटच्या चार मापांत (स्वरलिपीतल्या खणांत) एकदा ए आला तर हरकत नाही. पण मध्यावर सोळा मापे सलग वरच्या पट्टीत असतील आणि पुढे विश्रांती नसेल, तर कार्यक्रमाच्या दिवशी शेवटापर्यंत पोचण्याआधीच मुलाचे ओठ जातात. विश्रांतीची मापे मोजणे ही सवय मला खूप उशिरा लागली.

ट्रॉम्बोनच्या बाबतीत शिकवण मला एका बारा वर्षांच्या मुलाने दिली. मध्यम दर्जाच्या एका चार्टमध्ये बास क्लेफच्या दुसऱ्या रेषेवर बी फ्लॅट आणि लगेच बी नॅचरल, पुन्हा बी फ्लॅट, असा साधा दिसणारा तुकडा होता. पियानोवर या दोन शेजारच्या पट्ट्या आहेत. ट्रॉम्बोनवर मात्र स्वर पुढेमागे सरकणाऱ्या नळीने, म्हणजे स्लाइडने, बदलतो; तिथे हा बी फ्लॅट पहिल्या पोझिशनमध्ये आणि बी नॅचरल सातव्या पोझिशनमध्ये, म्हणजे स्लाइड पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर, अशी दोन टोके आहेत. मी त्याला तीन वेळा थांबवून ‘वेळेवर ये’ म्हणून सुनावले. चौथ्या वेळी त्याने स्लाइड बाहेर काढली, खांदा पुढे झुकवला, तरीही बोटे स्लाइडच्या दांड्यावरून निसटत होती, आणि शांतपणे म्हणाला, “सर, हात पावना.” त्याचा हात खरोखरच पोचत नव्हता. एफ ट्रिगर (जादा नळी उघडणारी कळ) असलेला ट्रॉम्बोन असता तर तोच बी नॅचरल ट्रिगर दाबून दुसऱ्या पोझिशनजवळ मिळाला असता, पण ते वाद्य महाग असते आणि आमच्याकडे एकच होते. तेव्हापासून ट्रॉम्बोनच्या भागात हा स्वर कुठे आणि किती घाईने येतो, हे मी पेन्सिलने खूण करून तपासतो.

रिदम सेक्शनकडे नवे शिक्षक सर्वांत कमी पाहतात आणि बँड बहुधा तिथेच कोसळतो. ग्रेड परीक्षा देत आलेली पियानोवादक मुलगी नुसती कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची) चिन्हे लिहिलेला कागद पाहून डाव्या हाताने प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर ठासून वाजवते, आणि तो बासच्या चालत्या ओळीवर आदळतो. म्हणून पियानोचा भाग स्वरांत लिहून दिलेला आहे का, बासची ओळ पूर्ण लिहिलेली आहे का, आणि ड्रमच्या कागदावर तिरप्या रेघांपलीकडे काही मार्गदर्शन आहे का, हे पाहावे. सोलोच्या जागी नमुन्याचा लिहिलेला सोलो असेल तर फार बरे; लाजाळू मूल तो वाजवते, धीट मूल तो सोडून स्वतःचे काही शोधते, आणि दोघांचीही अब्रू राहते.

स्वरपट्टीची बाब थोडक्यात सांगतो. व्हायोलिन शिकलेल्या मुलांना डी आणि ए या पट्ट्या सोयीच्या वाटतात, तर बँडची वाद्ये बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ अशा पट्ट्यांत सुखी असतात. अमेरिकन जॅझ बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांचे ‘सी जॅम ब्लूज’ घ्या: चाल फक्त दोन स्वरांची, म्हणून नवख्या बँडला ती हमखास सुचवली जाते. चाल खरोखर सोपी आहे, पण मूळ सी पट्टीत ती वाजवली की, या वाद्यांचे कागद वेगळ्या पट्टीत लिहावे लागत असल्यामुळे, ट्रम्पेटला दोन शार्प आणि अल्टोला तीन शार्प येतात, आणि नव्याने सोलो करणारे अल्टोचे मूल तिथे गांगरते. मी तरीही ती रचना घेतो, मात्र त्या वर्षी सोलो टेनरला आणि ट्रॉम्बोनला देतो.

एलिंग्टन यांच्या संगीताबद्दल आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. न्यूयॉर्कच्या जॅझ ॲट लिंकन सेंटर या संस्थेने शाळांच्या बँडसाठी चालवलेल्या ‘इसेन्शियली एलिंग्टन’ या उपक्रमामुळे त्यांच्या अस्सल रचनांचे भाग शाळांपर्यंत पोचले, आणि ते पाहणे हेच मोठे शिक्षण आहे. पण एलिंग्टन आपल्या बँडमधल्या विशिष्ट माणसांसाठी लिहीत असत आणि भागांवर वाद्याऐवजी वादकाचे नाव असे. एखादी ओळ त्या वादकाच्या स्वराच्या रंगावरच उभी असते. ती आपल्या तिसऱ्या ट्रॉम्बोनला दिली की निष्प्राण वाटते. याउलट बेसींच्या बँडसाठी लिहिणारे सॅमी नेस्टिको यांनी शालेय बँडसाठीही भरपूर लिहिले, आणि त्यांच्या चार्टमध्ये दुय्यम भागांनाही गाण्याजोगी ओळ मिळते. चौथ्या ट्रम्पेटचा मुलगा तालमीला का येतो, हे अशा चार्टमध्ये कळते.

गोव्याचे वर्षही निवडीत धरावे लागते. जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस पडत असताना हळू वाजवण्याची तालीम होत नाही, सॅक्सोफोनच्या रीडला (तोंडाजवळच्या वेताच्या पट्टीला) बुरशी धरते, आणि चतुर्थीच्या सुट्टीत अर्धी मुले गावी जातात. नोव्हेंबर उजाडला की फेस्तांचा, म्हणजे चर्चच्या उत्सवांचा, हंगाम सुरू होतो. जुन्या गोव्यातले सेंट झेवियरचे फेस्त ३ डिसेंबरला असते, त्यानंतर नाताळ आणि लग्ने. थोडे बरे वाजवणाऱ्या ट्रम्पेटवादकाला त्या काळात बाहेर पैसे मिळतात आणि तो तालमीला येत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मी डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी लीड (पहिल्या) ट्रम्पेटवर न बेतलेले, सॅक्सोफोनने चाल धरलेले चार्ट ठेवतो आणि ट्रम्पेटचे काम असलेले चार्ट ३० एप्रिलच्या आंतरराष्ट्रीय जॅझ दिनासाठी राखतो.

खरेदीपूर्वी ध्वनिमुद्रण ऐकणे अनिवार्य समजावे. बहुतेक प्रकाशक नमुन्याची पाने आणि ध्वनिमुद्रण सोबत ऐकवतात. एक संच ५० ते ८० डॉलरच्या घरात जातो, म्हणजे चुकीची निवड पाच-सहा हजार रुपयांना पडते, त्यामुळे ओळखीच्या बँडकडून संचाच्या छायाप्रती आणण्याचा मोह होतो. तो टाळावा, त्यात लेखकाचा हक्क बुडतोच, शिवाय त्या प्रतींत एखादा भाग हमखास गहाळ असतो. वर्षाला दोनच चार्ट घ्यावेत, पण मूळ घ्यावेत. तिसरा मी स्वतः लिहितो, बहुधा मुलांच्या कानावर असलेल्या चालीवर. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांच्यासोबत काम केले, त्या काळातल्या हिंदी चित्रपटगीतांची ब्रासची ठेवण आमच्या मुलांना ओळखीची वाटते आणि त्यांच्या आजोबांनाही.

या जूनमध्ये नवा चार्ट आला तेव्हा मी स्कोअरच्या समासात प्रत्येक ओळीसमोर वाद्याऐवजी मुलाचे नाव लिहिले. बॅरिटोनसमोर चेलोवाल्या मुलीचे नाव आले, तिसऱ्या ट्रॉम्बोनसमोर त्या हात न पोचणाऱ्या मुलाचे. तो आता पंधरा वर्षांचा आहे. तेराव्या मापात बी नॅचरल होता. त्याला बोलावून स्लाइड ओढायला सांगितली, आणि दांडा बोटांत नीट राहतो हे पाहून मगच बाकीचे भाग छापायला दिले.