चड्डीवरची माती: नव्या डिफेंडरांनो, या चुका टाळा

मॅच संपली की मी आधी पोराच्या चड्डीकडे बघतो. एका बाजूला मांडीपर्यंत माती फासलेली असली, की घरी जाण्याआधी त्याला माझ्याशी बोलावं लागतं. बडोद्यात मी चौदा ते एकोणीस वयाच्या फुटबॉलच्या डिफेंडरांना शिकवतो. त्यातले काही आज क्लबकडून पगार घेतात, पुष्कळ जण उंबरठ्यावरच अडकले. अडकलेल्या बहुतेकांना घाई नडली. बॉल काढायची घाई, सही करायची घाई, दुखणं लपवून परत मैदानात उतरायची घाई. दर वर्षी नवी पोरं येतात आणि त्याच चुका करतात. बघून जीव तुटतो, म्हणून लिहितोय.

उठसूट स्लाइड टॅकल

स्लाइड टॅकल म्हणजे जमिनीवर घसरत जाऊन बॉल काढणं. टाळ्या या चुकीलाच सगळ्यात जास्त मिळतात, आणि नुकसानही हीच सगळ्यात जास्त करते. पोरं मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे टॅकल बघतात आणि तेवढंच शिकतात. त्याआधी डिफेंडर नुसता मागे सरकत समोरच्याला कोपऱ्यात नेत असतो, ते दहा सेकंद व्हिडिओत कुणी ठेवत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक डावऱ्या पायाचा स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, सतरा वर्षांचा. बाहेरगावच्या एका क्लबचा माणूस त्याला बघायला आला होता. पोरगा पेटून खेळला. पहिल्या हाफमध्ये पाच स्लाइड, पाचही स्वच्छ. त्याचे बाबा माझ्या शेजारी उभे होते, प्रत्येक टॅकलला माझा दंड दाबत होते. सहाव्या वेळी समोरच्या विंगरने, म्हणजे कडेने खेळणाऱ्या फॉरवर्डने, बॉल जेमतेम फूटभर पुढे सोडला आणि थांबला. आमचा गेला आडवा. बॉल तिथून सरकलेला, पाय लागला थेट घोट्यावर, तोही बॉक्सच्या आत. पेनल्टी, पिवळं कार्ड, गोल. मॅचनंतर त्या माणसाने मला एवढंच विचारलं, "सर, हा सहा वेळा खाली का गेला?"

मला उत्तर माहीत होतं, पण ते सांगून पोराचं काही भलं होणार नव्हतं. पहिले पाच टॅकलसुद्धा चुकलेलेच होते. दर वेळी तो दोन पावलं चुकीच्या जागी उभा होता, म्हणून त्याला अंग टाकावं लागलं. बॉल मिळत गेला, म्हणून आमच्यापैकी कुणाला ते खुपलं नाही.

माझा उपाय जुनाच आहे. महिनाभर सरावात जमिनीला अंग लावायचं नाही. एकास एक खेळताना दोन्ही हातांत टेनिस बॉल धरायला लावतो. मुठी अडकल्या की शर्ट ओढता येत नाही, हात टेकून पडताही येत नाही, मग पाय हलायला लागतात. समोरच्याकडे जोरात पळत जा, पण शेवटचे तीन-चार मीटर पावलं बारीक करा. अंग तिरकं, गुडघे वाकलेले, मध्ये हातभर अंतर. नजर बॉलवर, त्याच्या खांद्याच्या हुलकावणीकडे बघूच नका. त्याला बाहेरच्या लाइनकडे ढकला आणि वेळ काढा. तीन सेकंद थोपवलात तरी तुमचा मिडफिल्डर मदतीला पोचतो. आठवड्यातच काही जण विचारतात, "सर, टॅकल कधी शिकवणार?" त्यांचा महिना मी आठ दिवसांनी वाढवतो.

इटलीचा डिफेंडर पाओलो माल्दिनी २० जानेवारी १९८५ रोजी, सोळाव्या वर्षी, उदिनेझेविरुद्ध ए. सी. मिलानकडून पहिल्यांदा उतरला आणि पुढे त्या एकाच क्लबसाठी ९०२ सामने खेळला. त्याची एखादी जुनी मॅच नव्वद मिनिटं बसून बघा. वहीत दोन रकाने करा: किती वेळा खाली गेला, आणि किती वेळा नुसता योग्य जागी उभा राहून बॉल घेतला.

मागे न बघणं

सगळ्यांचे डोळे बॉलवर, आणि स्ट्रायकर पाठीमागून पसार. सरावात मी डिफेंडरांच्या मागे उभा राहून बोटं वर करतो. बॉल पलीकडे पास झाला की ओरडून विचारतो, "किती?" सांगता आलं नाही, तर तो आक्रमण संपेपर्यंत बाहेर. पंधरा दिवसांत मानेला सवय लागते.

मैदानात मुकं राहणं

आमच्याकडे एक गुजरातीत "आगळ" ओरडतो, दुसरा "आगे", तिसरा "पुढे", आणि ऐन वेळी तिघेही थबकतात. मॅचआधी पाच शब्द ठरवा. भाषा कुठलीही चालेल, पण सगळ्यांची एकच हवी.

उंचीचं रडगाणं

२००६ चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, जिंकणारा इटलीचा डिफेंडर फाबियो कानावारो १.७६ मीटर उंच होता. उडी कधी मारायची ते शिका.

कागद न वाचता सही

हा विषय आला की माझा आवाज चढतो. आमच्या एका राइट बॅकला (उजव्या बाजूच्या डिफेंडरला) स्टेशनजवळच्या हॉटेलात बोलावून तीन पानी कागद पुढे केला. "संध्याकाळपर्यंत सांग, जागा एकच आहे." पोराने तिथेच सही केली, घरी पेढे वाटले. प्रत त्याला मिळालीच नाही. सीझन संपला तरी पगार नाही, कारण पगार "निवड झाल्यानंतर" असं दुसऱ्या पानावर होतं. दुसरीकडे जायचं तर त्या क्लबची एनओसी (ना-हरकत पत्र) हवी, आणि ती देताना क्लब टोलवाटोलवी करत राहिला. त्याचं एकोणिसावं वर्ष असंच गेलं. त्याची आई माझ्याकडे येऊन बसली होती, काय सांगू तिला?

फिफाच्या नियमांत व्यावसायिक खेळाडू कोण? ज्याच्याकडे लेखी करार आहे आणि ज्याला खेळायला येणाऱ्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात, तो. त्याच नियमांनुसार अठरा वर्षांखालच्या मुलाचा व्यावसायिक करार तीन वर्षांहून मोठा असू शकत नाही. एवढं तरी आई-बाबांनी पाठ करा. माझ्या पोरांना मी सांगून ठेवलंय, कागद मिळाला की प्रत्येक पानाचा फोटो, आणि कागद एक रात्र घरात. सकाळी दांडिया बाजारात आमच्या ओळखीच्या वकीलकाकांकडे. जो एक रात्रही थांबायला तयार नाही, त्याच्याकडे पोरगं पाठवायचं नाही. ट्रायलआधी रोख पैसे मागणाऱ्याकडे तर नाहीच.

जन्मतारखेत फेरफार करायचा सल्ला कुणी दिला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. मनगटाच्या एक्स-रेवरून वय तपासलं जातं, आणि पकडलं गेलं की शिक्षा पोराला होते.

पहिल्याच उडीत मोठा क्लब

भारताचा डिफेंडर संदेश झिंगनची सुरुवात २०११ मध्ये युनायटेड सिक्कीम या क्लबकडून झाली. केरला ब्लास्टर्सचं नाव त्याला २०१४ मध्ये लागलं, आणि त्याच सीझनमध्ये तो आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) उदयोन्मुख खेळाडू ठरला. मधली वर्षं तो खेळत होता. मोठ्या क्लबच्या बाकावर बसण्यापेक्षा लहान क्लबकडून दर आठवड्याला नव्वद मिनिटं खेळा, हे माझं ठाम मत आहे.

शरीराशी लपवाछपवी

फिफाचा ११+ वॉर्मअप वीस मिनिटांचा, पंधरा व्यायामांचा आहे. तो बुडवून पोरं गोलवर शॉट मारत बसतात आणि मग हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरून येतात. उन्हात तापून टणक झालेल्या मैदानावर लांब लोखंडी स्टडचे बूट घालू नका, घोटा वळतो. नवरात्रात गरबा मीही खेळतो, पण नऊही रात्री मध्यरात्रीपर्यंत अनवाणी गोल फिरायचं आणि सकाळी सहाला स्प्रिंट मारायचे, हे गुडघ्यांना झेपत नाही. दोन रात्री निवडा, दुसऱ्या सकाळी सुट्टी माझ्याकडून.

आणि छातीत धडधड, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी सांगा. भारताचा डिफेंडर अन्वर अली २०१७ चा सतरा वर्षांखालील वर्ल्ड कप खेळला, २०१९ मध्ये त्याच्या हृदयाचा आजार तपासणीत निघाला. खेळ थांबला, तज्ज्ञांकडून तपासण्या झाल्या, आणि २०२२ मध्ये तो भारताच्या सीनियर संघाकडून उतरला. आमच्याकडे ईसीजीचा कागद हातात आल्याशिवाय मी कुणाच्याही ट्रायलच्या फॉर्मवर सही करत नाही. मागच्या महिन्यात एका पोराचे बाबा यावरून रागावून गेले. दोन दिवसांनी कागद घेऊन परत आले.