अंगावर पिणाऱ्या बाळासाठी बाटली निवडताना

प्रसूती लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते, आणि त्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ज्या आईने ते घेतले तिचे बाळ ती कामावर रुजू होते तेव्हा जेमतेम चार महिन्यांचे असते, आणि पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आग्रह आहे. मधल्या दोन महिन्यांत आईने काढून ठेवलेले दूध बाळाला दुसऱ्या कोणीतरी पाजावे लागते, आणि बाटलीचा प्रश्न बहुतेक घरांत याच वेळी उभा राहतो.

दुकानात जाण्यापूर्वी बाटली खरोखरच हवी आहे का, याचा विचार करावा. आई घराबाहेर असताना एखाद-दुसऱ्या वेळीच दूध द्यायचे असेल आणि घरात आजी किंवा निवांत बसून पाजणारी व्यक्ती असेल, तर वाटी-चमचा किंवा बोंडले पुरेसे आहे. बारशाला आलेले चांदीचे बोंडले अनेक घरांत कपाटातच राहते; त्याचे तोंड उघडे आणि चोच बोट फिरवून घासता येईल अशी असेल, तर ते बाटलीपेक्षा स्वच्छ ठेवायला सोपे जाते. बाळाला थोडे उभे धरून चोच खालच्या ओठावर टेकवावी आणि घोट त्याचे त्याला घेऊ द्यावेत. तोंडात दूध ओतू नये. मात्र बाळ दिवसभर पाळणाघरात राहणार असेल आणि एकाच ताईंना चार-पाच मुले सांभाळावी लागत असतील, तर बाटलीच व्यवहार्य ठरते.

बाटली घ्यायची ठरली की बहुतेक लोक आधी बाटलीचा आकार, रंग आणि तिच्यावरची चित्रे पाहतात. पाहायचे असते ते निपल. अंगावर पिताना बाळ तोंड मोठे उघडून स्तनाग्राबरोबर त्याभोवतीचा काळसर भागही तोंडात घेते, आणि दूध उतरेपर्यंत त्याला थोडा वेळ नुसतेच चोखावे लागते. बाटलीतून ते आयते येऊ लागले की बाळाला त्या वेगाची सवय होते आणि मग ते अंगावर कुरकुर करू लागते. म्हणून निपलची धार मंद असणे ही पहिली अट मानावी. वेष्टनावरच्या 'स्लो', '0+' किंवा '1' या खुणांवर फार विसंबू नये, कारण एका कंपनीचे मंद निपल दुसऱ्या कंपनीच्या मध्यम निपलइतके वेगवान असू शकते. घरी बाटलीत पाणी भरून ती उलटी धरावी: सुरुवातीचे काही थेंब गेल्यावर पाणी साधारण सेकंदाला एक थेंब या गतीने पडावे. धार लागली तर ते निपल बाजूला ठेवावे. दूध लवकर यावे म्हणून गरम सुईने भोक मोठे करण्याची जुनी पद्धत तर कटाक्षाने टाळावी.

आकाराच्या बाबतीत, टोकापासून बुडापर्यंत हळूहळू रुंद होत जाणारे निपल चांगले. जाहिरातीत 'अगदी आईसारखे' म्हणून दाखवतात त्या निपलचे बूड फार रुंद आणि टोक एकदम बारीक असेल, तर बाळ नुसते टोकच ओठांत धरते आणि तोंडाच्या कोपऱ्यांतून दूध ओघळते. निपल सिलिकॉनचे घ्यावे. ते पारदर्शक असल्यामुळे आतला साका दिसतो, आणि रबराच्या तपकिरी निपलपेक्षा ते उकळण्याला जास्त टिकते.

मग उरते ती बाटली. काच उत्तम स्वच्छ होते, पण ती जड असते आणि फुटते. स्टील पाळणाघरासाठी सोयीचे, पण बाळ किती प्यायले ते बाहेरून दिसत नाही. प्लॅस्टिकची घेतल्यास ती पॉलिप्रॉपिलीनची आहे (तळाशी त्रिकोणात 5 हा आकडा असतो) आणि तिच्यावर आयएसआय खूण व 'बीपीए-मुक्त' (बीपीए हे काही प्लॅस्टिकमधले घातक ठरू शकणारे रसायन) हे शब्द आहेत, हे पाहावे. 125 मिलीची बाटली पुरते, कारण अंगावरचे दूध पिणारे बाळ एका वेळी साधारण 60 ते 120 मिली घेते आणि महिने वाढले तरी हे प्रमाण वरच्या दुधासारखे वाढत जात नाही. बाटलीचे तोंड हात किंवा ब्रश सहज जाईल इतके रुंद असावे. पोटात वारा जाऊ नये म्हणून नळ्या आणि झडपा बसवलेल्या बाटल्यांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही: प्रत्येक जादा भागाच्या खाचेत दुधाची साय अडकते, आणि दमलेल्या माणसाकडून रात्री अकराला तो भाग नीट घासला जात नाही. दुकानदार बाटलीवर सूट किंवा भेटवस्तू देऊ लागला, तर 1992 च्या कायद्याने बाटल्यांची अशी जाहिरातबाजी बंद केली आहे, हे ध्यानात असू द्यावे.

एकदम सहा बाटल्यांचा संच आणू नये; एक बाटली आणि दोन निपल आणावीत. स्तनपान नीट बसल्यावर, म्हणजे महिनाभरानंतर, आणि कामावर जाण्याच्या दोनेक आठवडे आधी सुरुवात करावी. पहिल्यांदा आईने पाजू नये, शक्यतो त्या खोलीतही थांबू नये, आणि बाळ भुकेने कळवळण्याच्या आधीच बाटली द्यावी. बाळाला मांडीवर जवळपास बसते धरून निपल वरच्या ओठाला लावावे, ते तोंड उघडेपर्यंत थांबावे आणि बाटली आडवी ठेवावी. दर काही घोटांनी तिचे बूड किंचित खाली झुकवले की बाळाला उसंत मिळते. बाळ गटागटा गिळत असेल, डोळे विस्फारत असेल किंवा हाताची बोटे ताणत असेल, तर त्याला वेग झेपत नाही असे समजावे. अशा वेळी बाटली न बदलता आधी निपल बदलून पाहावे.

प्रत्येक वेळी सर्व भाग सुटे करून साबणाने धुवावेत आणि पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर त्यात पाच ते दहा मिनिटे ठेवावेत. निपल चिकट लागू लागले, ओढल्यावर पूर्ववत होईना किंवा त्याला चीर दिसली, की ते टाकून द्यावे. बाळ सहा महिन्यांचे होऊन आधाराने बसू लागले, की त्याच दुधासाठी छोटा उघडा पेला हातात द्यायला सुरुवात करता येते.