रस्त्याच्या कडेला उभं राहून सायकल शर्यत बघायची असेल तर

टीव्हीवर चार-पाच तास दिसणारी शर्यत सपाट रस्त्याच्या कडेला उभं राहिल्यावर अर्ध्या मिनिटात संपते. ताशी ४५ किलोमीटरने दीडशेहून जास्त सायकलस्वारांचा घोळका सूं करून निघून जातो आणि आपला आवडता खेळाडू त्यात होता की नाही, हेही कळत नाही. म्हणून जागा निवडताना एवढंच बघायचं: तिथे वेग कमी होतो का, किंवा शर्यत त्याच जागी पुन्हा येते का?

वेग कमी होतो तो घाटात. फ्रान्समधल्या आल्प द्युएझ या घाटाचा चढ १३.८ किलोमीटरचा, सरासरी ८ टक्क्यांचा. अव्वल खेळाडूंना तो चढायला साधारण ४० मिनिटं लागतात, म्हणजे वेग ताशी वीसेक किलोमीटर. चेहरे ओळखू येतात, धापा ऐकू येतात. शिवाय पहिला खेळाडू गेल्यावर शेवटचा गट यायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो, त्यामुळे बघायला भरपूर मिळतं. उभं राहायचं ते चढाच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागात, कारण खाली सगळे एकत्रच असतात. फोटोसाठी सगळे हेअरपिन वळणावर गर्दी करतात, पण तिथे चढ सौम्य असल्याने खेळाडू वेग घेतात. वळणाच्या थोडं वर, सरळ चढावर थांबलं तर खालचा रस्ताही दिसतो आणि खेळाडूही सावकाश येतात.

शर्यत पुन्हा पुन्हा बघायची तर बेल्जियममधल्या टूर ऑफ फ्लँडर्ससारखी दुसरी नाही. पुरुषांची शर्यत आउडे क्वारेमाँट या चढावर तीनदा येते, शिवाय महिलांची शर्यतही त्याच दिवशी असते. टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाविरुद्धच्या एकेकट्याच्या शर्यतीत, खेळाडू साधारण मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने एकेक सुटतात, म्हणून दुपारभर काही ना काही चालू असतं. पहिल्यांदाच जात असाल तर खरं म्हणजे टाइम ट्रायलच बघा. घाटाच्या मानाने दगदग फारच कमी.

टूर द फ्रान्सचा मार्ग आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जाहीर होतो. घाटाजवळच्या खोल्या त्यानंतर भराभर भरतात, म्हणून रद्द करता येईल असं बुकिंग लगेच करून टाका. तपशीलवार वेळापत्रक नंतर येतं. त्यात प्रत्येक गावासमोर वेगवेगळ्या सरासरी वेगांप्रमाणे वेळा दिलेल्या असतात. त्यातली सर्वांत लवकरची वेळ धरा. समजा, खरी सुरुवात १३:१५ ला आहे आणि तुमची जागा १३२व्या किलोमीटरवर आहे. ताशी ४४ ने शर्यत १६:१५ ला येईल, ताशी ४० ने १६:३३ ला. इथे एक चूक हमखास होते: गावातून मिरवत निघण्याची वेळ म्हणजेच सुरुवात, असं धरलं जातं. किलोमीटर मोजायला सुरुवात होते ती गावाबाहेर, झेंडा पडल्यावर.

जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा शर्यतीच्या साधारण दोन तास आधी जातो आणि रस्ता त्याच्याही बराच आधी बंद होतो. मोठ्या घाटात तर गाड्यांना सकाळीच, कधी आदल्या दिवसापासूनच बंदी असते. पायी किंवा सायकलवर वर जाता येतं, पण शेवटच्या भागात पोलीस सायकलवरून उतरायला लावतात. तेव्हा ८ टक्क्यांच्या चढावर ताशी ४ किलोमीटर चालण्याचा हिशोब ठेवा. ६ किलोमीटर वर जायचं तर दीड तास, वर अर्धा तास राखीव.

सोबत माणशी किमान २ लिटर पाणी, जेवण, टोपी आणि वाऱ्या-पावसाचं जॅकेट असू द्या. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं. पायथ्याशी घाम, माथ्यावर हुडहुडी. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क कोलमडतं, म्हणून नकाशा, वेळापत्रक आणि खेळाडूंच्या क्रमांकांची यादी आधीच उतरवून घ्या.

हवामानाचा काही भरवसा नाही. २०१६ च्या टूर द फ्रान्समध्ये वाऱ्यामुळे माँ व्हाँतू या डोंगरावरची समाप्तीरेषा माथ्याऐवजी सुमारे ६ किलोमीटर खाली, शाले रेनारला आणली होती. २०१९ मध्ये गारा आणि दरड कोसळल्यामुळे टप्पा, म्हणजे त्या दिवसाची शर्यत, थांबवून इझराँ घाटाच्या माथ्यावरच्या वेळा ग्राह्य धरल्या. तीन्यला समाप्तीरेषेवर ताटकळलेल्यांच्या वाट्याला शर्यत आलीच नाही. जमलं तर लागोपाठचे दोन टप्पे बघायचं ठरवा.

उभं राहताना पाय रस्त्याच्या बाहेर, बॅग पाठीवर, कुत्रा घरी. घोळका आला की फोन खाली घ्या. पडद्यातून बघताना अंतराचा अंदाज चुकतो. २०२१ च्या टूर द फ्रान्सच्या पहिल्याच टप्प्यात टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर पुठ्ठ्याचा फलक धरलेल्या, घोळक्याकडे पाठ असलेल्या प्रेक्षकामुळे डझनावारी खेळाडू पडले. पहिला गट गेला म्हणून रस्त्यावर उतरू नका. मागून संघांच्या गाड्या वेगात येतात. सर्वांत शेवटची गाडी, म्हणजे ब्रूम वॅगन, जाईपर्यंत कडेलाच थांबा.

परतीचा रस्ता जाण्याआधीच ठरवा. टप्पा माथ्यावर संपत असेल तर हजारो माणसं, गाड्या आणि खेळाडू एकाच रस्त्याने खाली उतरतात आणि रस्ता तासन् तास तुंबतो. ज्या घाटावरून शर्यत पुढे निघून जाते, तो त्या मानाने लवकर मोकळा होतो. निवड हातात असेल तर तोच घ्या. गाडी दरीतल्या गावात, शर्यतीच्या मार्गावर नसलेल्या रस्त्यालगत लावा, तिचं तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा आणि अंधारात उतरावं लागलं तर म्हणून एक हेडलॅम्प बॅगेत टाका.