मोठ्या झाडाचं माप असं घ्या

देवराईतला बेहडा दाखवला की लोक विचारतात, "हा केवढा मोठा?" मी आधी उलट विचारतो: मोठा कशाने? घेराने, उंचीने की घनफळाने? कॅलिफोर्नियातल्या जनरल शर्मन या सिक्वॉया जातीच्या झाडाला जगातल्या सर्वांत मोठ्या झाडाचा मान मिळतो तो एका खोडाच्या घनफळामुळे, सुमारे १,४८७ घनमीटर. उंचीने तो ८४ मीटरच्या आसपास. त्याच राज्यातला हायपेरियन हा रेडवुड जातीचा वृक्ष ११५ मीटरच्या वर आहे.

सुरुवात घेरापासून करा. आपल्याकडे वनखात्याची रीत जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर घेण्याची. उतारावर झाड असेल तर वरच्या अंगाला उभं राहून मोजा, पण आधी तिथला पालापाचोळा हाताने बाजूला करा. पावसाळ्यानंतर तो बुंध्याशी चांगला वीतभर साचलेला असतो आणि तेवढी खूण वर सरकते. खडूने चारही बाजूंना खुणा करा, टेप वेलींच्या खालून घाला, दोघांनी मिळून ताणा. बेहड्याच्या किंवा सावरीच्या बुंध्याला पाखे, म्हणजे आधारासाठी पसरलेले पंखांसारखे फाटे, फुटलेले असतील तर ते संपतात त्याच्या वर मोजा आणि ती उंची वहीत लिहाच. बुंध्याचा फुगवटा फार फसवतो: जनरल शर्मनचा घेर जमिनीलगत ३१ मीटर, तर १.४ मीटरवर व्यास ७.७ मीटर, म्हणजे घेर २४ मीटरच्या आसपास!

उंचीला एक सरळ काठी पुरते. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर राहील अशी हात लांब करून उभी धरा. सपाट जमिनीवर मागे मागे जा. मुठीची वरची कड बुंध्याच्या तळाशी आणि काठीचं वरचं टोक शेंड्याशी जुळलं की थांबा. तिथून झाडापर्यंतचं अंतर हीच उंची. मात्र झाड कललेलं असेल तर अंतर खोडापर्यंत धरू नका. शेंड्याच्या बरोबर खाली एकाला उभं करा आणि त्याच्यापर्यंत मोजा. पसरट आंब्याचा खरा शेंडा जवळच्या फांदीआड लपतो, म्हणून दुसऱ्या बाजूनेही बघा. दोन आकडे जुळेनात तर मी पुन्हा मोजतो, सरासरी काढून मोकळा होत नाही. हायपेरियनची उंची २००६ साली शेंड्यापर्यंत चढून, टेप खाली सोडून पक्की केली होती.

घनफळासाठी वखारीतलं सूत्र, घेराच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी, वापरू नका. त्यात गोल खोडाचं जवळपास एकवीस टक्के लाकूड हिशेबातून गळतं. खोडाचे टप्पे पाडा, प्रत्येक टप्प्याच्या मध्यावरच्या घेराचा वर्ग करा, त्याला १२.५७ ने भागा, टप्प्याच्या लांबीने गुणा आणि सगळ्यांची बेरीज करा.

वडाला यातलं फारसं लागू पडत नाही. हावड्याच्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड १९२५ साली काढून टाकावं लागलं, तरी झाड पारंब्यांवर पसरतंच आहे. तिथे घेर कुठला घेणार? फांद्यांच्या टोकांखाली खुंट्या ठोकत फेरी मारा आणि आतलं क्षेत्रफळ काढा.