रोहू गावरान की हॅचरीचा? तलावात बीज सोडणाऱ्यांनो, या चुका टाळा

मिरग लागला की भंडारा-गोंदियातल्या ठेक्याचे तलाव घेतलेल्या मच्छीमार संस्थांचे फोन सुरू होतात. प्रश्न तेच, चुकाही त्याच.

पहिली चूक तर बाजारातच होते. "गावरान रोहू हाय, हॅचरीचा (कृत्रिम वीण केंद्रातला) नाही," म्हणत विकणारा किलोमागे जास्त पैसे मागतो आणि शिकलीसवरली माणसं ते देतात. मामा (माजी मालगुजारी) तलावातला रोहू गावरान असेल कसा? रोहू, कटला, मृगळ ही नदीची जात. पुराचं वाहतं पाणी मिळाल्याशिवाय ती सहसा अंडी घालत नाहीत. तलावाच्या उभ्या पाण्यात ती वाढतात, पण वीत नाहीत. म्हणजे तुमच्या ताटातला तलावाचा रोहू कोणीतरी पिशवीतून आणून सोडलेलाच. पूर्वी हे बीज खरोखर नदीतून धरत आणि बंगालकडून रेल्वेनं आणत. 10 जुलै 1957 ला हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूषिका (मेंदूखालच्या) ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण करून दाखवली, त्यानंतर हॅचऱ्या वाढल्या.

पण हॅचरीत जन्मला म्हणजे हॅचरीत वाढला असं नव्हे. हा घोळ जगभर आहे. अलास्कात सामन (सॅल्मन) माशाच्या पिंजऱ्यातल्या शेतीवर 1990 पासून बंदी आहे, तरी तिथल्या हॅचऱ्या पिल्लं समुद्रात सोडतात आणि ती मोठी होऊन जाळ्यात आली की 'जंगली' म्हणूनच विकली जातात. अमेरिकेच्या वायव्येला निदान हॅचरीच्या बऱ्याच सामनांचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापून खूण करतात. आपल्या रोहूला तसली खूण नाही, त्यामुळे विकणाऱ्याचं तोंड हाच पुरावा.

आता माझ्या रागाची चूक: जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, थेट तलावात ओतणं.

शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेनं लाखांच्या हिशेबानं मत्स्यजिरे आणले. कारण एकच, बोटुकलीपेक्षा (बोटाएवढ्या पिल्लांपेक्षा) स्वस्त. टेम्पो भर दुपारी पाळीवर पोचला. नारळ फुटला, फोटो निघाले, पिशव्यांची तोंडं कापून पाणी धडाधड ओतलं. पिशव्या आधी तलावात तरंगत ठेवा, असं मी दोनदा म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, आता आखिन कायले थांबाचं? पोट्टे उपाशी हायेत." उन्हानं तापलेल्या उथळ पाण्यात ते जिरे सुन्न होऊन काठाकाठानं पसरले. पाच मिनिटांत डडक (मरळासारखे शिकारी मासे) वर येऊन तोंड मारायला लागले. टपक, टपक आवाज पाळीवर ऐकू येत होता. फोटो काढणाऱ्यांनी तेवढं मात्र टिपलं नाही.

दिवाळीनंतर जाळं ओढलं तेव्हा मरळ तगडे निघाले, रोहू शोधावा लागला. संस्थेचा निष्कर्ष: "हॅचरीचं बीज कमजोर. नदीचं असतं तर जगलं असतं." साफ चूक. नदीचं जिरंही तेवढंच असतं, पाच-सात मिलिमीटरचं, आणि नदीतही त्यातलं फार थोडं वाचतं. फरक बीजाच्या जन्माचा नव्हता, आकाराचा आणि घाईचा होता.

माझी सवय अशी. जिरे आणायचेच तर आधी बोडीत (छोट्या तळ्यात) टाकायचे. दोन-तीन आठवड्यांत ते अडीच सेंटिमीटरचं मत्स्यबीज होतं, दोन-तीन महिन्यांत आठ-दहा सेंटिमीटरची बोटुकली. मग तलाव. पिशवी पहाटे किंवा सांजच्याला पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्यायची, तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं आणि पिशवी आडवी करून माशालाच बाहेर निघू द्यायचं. ओतायचं नाही. घेतानाही हॅचरीवाल्याच्या शब्दावर जात नाही. परातीत मूठभर पिल्लं घेऊन हातानं पाणी गोल फिरवतो. दमदार पिल्लं धारेच्या उलट पोहतात, मेंगळट मधोमध गोळा होतात. मधोमध फार दिसली तर टेम्पो रिकामा परत. शंभर किलोमीटर आलो म्हणून घेऊन जाऊ, हा हिशेब माझ्याकडं चालत नाही.

हॅचरीवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा: नर-माद्या कुठून आणता? बरेच जण आपल्याच टाक्यातले तेच ते मासे पिढ्यान् पिढ्या वापरतात. कर्नाटकातल्या हॅचऱ्यांचा अभ्यास 1990 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भावाबहिणींतल्या विणीचा हा धोका स्पष्ट दिसला होता. काही ठिकाणी रोहू-कटला एकाच कुंडात विऊ देतात आणि निघतो तो संकर. बोटुकलीत कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं, मृगळाच्या शेपटीच्या बुडाशी शंकरपाळ्यासारखा काळा ठिपका. अधलंमधलं दिसलं की सावध व्हा. नदीचा मासा इथं खरोखर कामाचा आहे. भुवनेश्वरच्या मत्स्यसंशोधन संस्थेनं नॉर्वेच्या तज्ज्ञांबरोबर 1992 पासून जयंती हा सुधारित रोहू घडवला, तेव्हा सुरुवातीचे मासे गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज अशा नद्यांतूनही आणले. नॉर्वेनं स्वतःचा सामन असाच सत्तरच्या दशकात चाळीसेक नद्यांतल्या माशांवरून उभा केला होता. चांगल्या हॅचरीचं मूळ नदीत असतं, हे 'नदी की हॅचरी' म्हणून भांडणारे विसरतात.

तलावातले खरे गावरान मासे म्हणजे मरळ, डडक, शिंगूर, शिवडा. यांना 'बेकार मासे' म्हणून मारणं ही दुसरी मोठी चूक. मासे मारणारी मोहाची ढेप टाकून तलाव साफ करा, असा सल्ला देणारे महाभाग आहेत. ढेप बोडीसाठी ठीक. एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी दोन-अडीच टन, आणि जिरे सोडायच्या किमान तीन आठवडे आधी. गावच्या तलावात मुळीच नाही. ज्या मरळाला तुम्ही संपवता, तो जिवंत विकला तर रोहूपेक्षा जास्त भाव आणतो. शिवाय त्याचं बीज विकत आणावं लागत नाही. मोठी बोटुकली सोडा, मग मरळ तिचं फारसं बिघडवत नाही.

पहिल्या पावसात हे मासे पाण्याच्या उलट चढून धानाच्या बांध्यांत अंडी घालायला जातात. त्या दिवसांत धुऱ्याधुऱ्याला जाळं लावणारा पुढच्या वर्षी "मासेच राहिले नाही" म्हणून रडतो. त्याला मी काही सांगत नाही, सांगून झालं आहे.

गवत कमी करायला गवत्या (ग्रास कार्प) मासा सोडण्याचाही असाच प्रकार. तो पाण्यातली मऊ वनस्पती फस्त करतो, जिच्या आडोशाला गावरान मासे वितात आणि पिल्लं लपतात. काठावरच्या बेशरमाला मात्र तोंड लावत नाही. बेशरम माणसांनीच उपटायचा, मुळासकट, उन्हाळ्यात. कोणते मासे कमी झाले हे ढिवर (मासेमार समाजाच्या) बायांना विचारा. संस्थेच्या कागदांत गावरान माशांचा रकानाच नसतो.

थाई मागूर: बंदी आहे. स्वस्त मिळतो म्हणून आणू नका. पुरात सांडव्यावरून निसटला की परत धरता येत नाही.

चव: मासा चिखलट लागला की हॅचरीला शिव्या. तो वास बहुतेक वेळा पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचा असतो, मासा कुठंही जन्मलेला असो. विक्रीआधी काही दिवस स्वच्छ पाण्यात ठेवा, खाद्य बंद ठेवा, आणि मग गावरान म्हणून नाही, ताजा म्हणून विका.