कॅज्युअल्टीच्या नोटमध्ये ‘ऑब्झर्व्ह’ लिहून थांबू नका: या चुका टाळा

पहाटे ड्युटी संपत आली की केसपेपरवरच्या ओळी आखूड होत जातात. इंटर्न असताना मी अशीच एक नोट लिहिली होती: ‘सर्पदंशाची शंका. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी नॉर्मल. स्टेबल. ऑब्झर्व्ह.’ जमिनीवर झोपलेला तरुण पोटात कळ येऊन उठला होता, अंगावर खूण कुठेच नव्हती. आठला आलेली टीम नोट वाचून निश्चिंत झाली. साडेनऊला सिस्टरच्या लक्षात आलं, याच्या पापण्या उघडत नाहीत. वेळेत श्वासाची नळी टाकता आली म्हणून तो वाचला.

मण्यारीचा संशय मला आला होता, पण तो शब्द कागदावर उतरला नाही. घोणस आणि फुरसं रक्त गोठणं बिघडवतात. मण्यारीचं विष नसांकडून स्नायूंकडे जाणारा संदेश तोडतं. त्यामुळे रक्त गोठण्याची ही चाचणी नॉर्मल आली तरी मण्यार वगळता येत नाही. ‘नॉर्मल’ एवढंच वाचणाऱ्याला मात्र खोटा धीर मिळतो.

आज तीच नोट मी अशी लिहीन:

‘मण्यार दंशाची दाट शक्यता. जमिनीवर झोप, पहाटे पोटदुखी, खूण नाही. चाचणी नॉर्मल, त्याने मण्यार वगळता येत नाही. ५.१० वाजता पापण्या पूर्ण उघडतात, एका श्वासात २८ पर्यंत मोजतो. प्लॅन: पापण्या, मान उचलणं, श्वासातले आकडे दर अर्ध्या तासाने, इंटर्नने वेळेसह लिहावेत. पापणी पडली किंवा गिळायला त्रास झाला तर लगेच एएसव्ही (सर्पविषावरचं औषध) १० व्हायल आणि मला फोन. आकडे घसरले तर भूलतज्ज्ञांना बोलवा, व्हेंटिलेटर तयार ठेवा. २४ तास सुट्टी नाही.’

लिहायला दोन मिनिटं जास्त लागतात. पण त्यात काय वाटतं, का वाटतं, काय पाहायचं, कोणी, किती वेळाने आणि काय झालं की काय करायचं, हे सगळं आलं. नुसतं ‘स्टेबल’ म्हणजे किती वाजता आणि कशावरून, हे कुणालाच कळत नाही.

छातीत दुखणाऱ्या पेशंटच्या निदानाच्या जागी ‘छातीत दुखणे’ लिहिणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ती पेशंटची तक्रार झाली, तुमचं मत कुठे आहे? ‘? एमआय’ (हार्ट अटॅकची शंका) लिहिलंत तर बाजूने काय आणि विरोधात काय, तेही लिहा. पहिला ईसीजी नॉर्मल असला तरी दुखणं कधी सुरू झालं, पुढचा ईसीजी किती वाजता, दुसरं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, ते सांगणारी रक्तचाचणी) कधी, या वेळा हव्यातच. महाधमनी फाटल्याचा विचार केला असेल तर दोन्ही हातांचं बीपी लिहा. नाहीतर पुढच्याला वाटेल की तो विचार झालाच नाही.

‘सीएसटी’, म्हणजे ‘कंटिन्यू सेम ट्रीटमेंट’, तर मी लिहितच नाही. कुठली ट्रीटमेंट चालू ठेवायची, हे शोधायला पुढच्या डॉक्टरने चार पानं का उलटावीत?

रेफर करताना एएसव्हीच्या किती व्हायल दिल्या, किती वाजता सुरू केल्या, रिअॅक्शन आली का, हे पहिल्या तीन ओळींत हवं. अँब्युलन्समधून उतरलेल्या नातेवाइकाला ते सांगता येत नाही.

आणि डोक्याला मार लागलेल्या पेशंटला घरी सोडताना ‘एसओएस या’ (गरज वाटली तर या) एवढ्यावर भागवू नका. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, फिट यातलं काहीही दिसलं तर रात्री कितीही वाजता परत आणा, असं मराठीत लिहून द्या आणि बरोबर आलेल्या माणसाकडून ते एकदा वाचून घ्या.