चढाओढीच्या बोलीत संगणक काय मोजतो, आणि ते सरावाला कसे वापरावे

संगणकाशी ब्रिज, म्हणजे चौघांनी दोन जोड्या करून खेळायचा पत्त्यांचा खेळ, खेळणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. प्रतिपक्ष गप्प असेपर्यंत प्रोग्राम शहाण्यासारखा बोलतो, पण मध्येच कोणी ओव्हरकॉल केला, म्हणजे समोरच्या जोडीच्या बोलीवर आपली बोली चढवली, की त्याच्या बोलीला धरबंध राहत नाही. ही तक्रार निम्मी खरी आहे. प्रोग्रामचा हिशोब बहुधा चोख असतो. चूक होते ती हिशोब सुरू होण्यापूर्वी, म्हणजे कोणत्या बोलीचा अर्थ काय लावायचा हे ठरवताना. म्हणून त्याचा निर्णय तपासायचा असेल, तर आधी अर्थ पाहावा आणि मग हिशोबाकडे वळावे. पुढील मजकुरात ‘पाने’ म्हणजे एका खेळाडूचे तेरा पत्ते आणि ‘हात’ म्हणजे चार पत्त्यांची जिंकलेली एक फेरी, असे समजावे.

एक वाटप समोर ठेवून सुरुवात करू. तुम्ही दक्षिणेला आहात आणि कोणतीही जोडी व्हल्नरेबल (वाढीव दंड आणि बक्षिसाच्या स्थितीत) नाही. तुमच्याकडे इस्पिकचा एक्का, राणी, ८, ६, ५, ३. बदामची ७, ४. चौकटचा राजा, गुलाम, ५. आणि किलवरची राणी, ८ अशी पाने आहेत. तुम्ही एक इस्पिक बोललात, पश्चिमेने दोन बदाम म्हटले, भिडूने दोन इस्पिकांचा पाठिंबा दिला आणि पूर्वेने तीन बदाम केले. आता पास, तीन इस्पिक (इस्पिक हुकूम धरून सहा अधिक तीन, असे नऊ हात करण्याचे वचन) की डबल (समोरच्यांच्या बोलीचा दंड-मोबदला वाढवणे)?

पहिली पायरी म्हणजे झालेल्या प्रत्येक बोलीचे वर्णन उघडून वाचणे. ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर रोबॉटच्या बोलीवर क्लिक केले की ती किती पॉइंट (मोठ्या पत्त्यांची किंमत) आणि कोणत्या रंगाची किती पाने दाखवते, हे लिहून येते. तिथले रोबॉट बराच काळ मॅथ्यू गिन्सबर्ग यांच्या ‘गिब’ या प्रोग्रामवर चालत आले आहेत. आपण करणार असलेल्या बोलीचेही वर्णन बोलण्यापूर्वी पाहून घ्यावे, विशेषतः डबलचे. एकाच शब्दाचा अर्थ कुठे टेकआउट (भिडूने आपला रंग बोलावा), कुठे निगेटिव्ह (न बोललेले रंग माझ्याकडे आहेत), तर कुठे निखळ पेनल्टी (समोरचे बुडतील, दंड वाढवा) असा बदलतो, आणि तुमच्या मनातला अर्थ रोबॉट ओळखू शकत नाही. तो फक्त वर्णन मानतो. वर्णनात सहा पाने लिहिली असतील आणि तुमच्याकडे चारच असतील, तर तुमचा रोबॉट-भिडू पुढचा सगळा हिशोब त्या नसलेल्या दोन पानांच्या भरवशावर करतो.

दुसरी पायरी नमुन्यांची. गिन्सबर्ग यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात गिबची रीत स्पष्ट मांडली आहे. प्रोग्राम स्वतःची तेरा पाने बाजूला ठेवतो, उरलेले ३९ पत्ते आतापर्यंतच्या बोलीशी जुळतील अशा रीतीने तिघांत वाटून अनेक काल्पनिक वाटपे तयार करतो, आणि प्रत्येक संभाव्य बोली त्या प्रत्येक वाटपावर चालवून पाहतो. हे घरी करून पाहण्यासारखे आहे. वरची तेरा पाने काढून ठेवा, बाकीचे पत्ते पिसून तीन ढीग करा, आणि पश्चिमेकडे किमान पाच बदाम व ओव्हरकॉलपुरते पॉइंट, उत्तरेकडे किमान तीन इस्पिक व सहा ते नऊ पॉइंट, पूर्वेकडे किमान तीन बदाम, या अटी तपासा. बहुतेक वाटपे अटींत बसणार नाहीत. यंत्र ती फेकून पुन्हा पिसते. आपण दोन-चार पत्त्यांची अदलाबदल करून भागवावे. नमुना त्यामुळे थोडा कलतो खरा, पण शिकण्यापुरते ते चालते.

समजा, एक वाटप असे जुळले. उत्तरेकडे इस्पिकचा राजा, ९, २. बदामचा गुलाम, ६, ३. चौकटची राणी, १०, ७, ४. किलवरचा गुलाम, ७, ५. पश्चिमेकडे इस्पिकचा गुलाम, ४. बदामचा एक्का, राणी, १०, ९, ५. चौकटचा एक्का, ३. किलवरचा राजा, १०, ६, २. उरलेली पाने पूर्वेची. इस्पिक हुकूम असताना तुमचे दोन बदाम, एक चौकट आणि दोन किलवर जातात, म्हणजे आठ हात होतात. बदाम हुकूम असताना त्यांचे दोन इस्पिक, एक चौकट आणि एक किलवर जाते, म्हणजे नऊ हात होतात. पास केल्यास तुमच्या नावावर उणे १४०, आणि तीन इस्पिक बोलून एक हात कमी पडल्यास उणे ५०. त्यावर डबल बसले तरी उणे १०० च. हरतानाही तीन इस्पिक स्वस्त पडतात.

दोन्ही बाजूंचे हात मिळून सतरा झाले आणि हुकमाची पानेही नऊ अधिक आठ, सतराच आहेत, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल. फ्रान्सच्या जाँ-रेने व्हर्न यांनी मांडलेला एकूण हातांचा नियम तो हाच. माणूस टेबलावर या नियमाने अंदाज बांधतो. प्रोग्राम नियम न वापरता प्रत्येक वाटपात हात प्रत्यक्ष मोजतो, त्यामुळे नियम जिथे एका-दोन हातांनी चुकतो ती वाटपेही त्याच्या सरासरीत येतात.

तिसरी पायरी गुणपद्धतीची, आणि इथे पुष्कळजण प्रोग्रामवर विनाकारण रागावतात. वरच्याच वाटपात डबल केले असते तर तीन बदाम पूर्ण होऊन उणे ५३० आले असते. सांघिक सामन्यातील इम्प पद्धतीत (गुणांतला फरक ठरलेल्या तक्त्याने इम्प या एककात बदलतात) १४० ऐवजी ५३० देणे म्हणजे नऊ इम्पांचे नुकसान. उलट ते एका हाताने बुडाले, तर डबलमुळे ५० चे १०० होऊन मिळतात फक्त दोन इम्प. निकालाच्या या दोनच शक्यता धरल्या, तर अकरापैकी नऊहून अधिक वेळा ते बुडायला हवेत, तेव्हा डबल परवडते. मॅचपॉइंटमध्ये फरक किती हे गौण असते, इतरांपेक्षा वर की खाली एवढेच मोजले जाते, म्हणून तिथे निम्म्याहून थोडी अधिक खात्रीही पुरते. म्हणून सराव करताना तेच वाटप दोन्ही पद्धतींत लावून पाहावे, आणि नंतर व्हल्नरेबिलिटी बदलून पुन्हा पाहावे. प्रोग्रामचा निर्णय कुठे फिरतो ते वहीत टिपले, तर बोलीची समज पुस्तकापेक्षा लवकर वाढते, असे मला वाटते.

आता दोषांकडे. पहिला दोष हात मोजण्याच्या रीतीत आहे. हा हिशोब ‘डबल डमी’ असतो, म्हणजे चौघांनाही चौघांची पाने दिसत आहेत असे धरलेला. आपल्या वाटपात इस्पिकचे आठच हात होतात, कारण बचाव करणारे आपले दोन किलवर वेळेवर घेतात. प्रत्यक्षात चौकटचा एक्का जिंकल्यावर पश्चिमेने बिचकून पुन्हा बदाम खेळले, तर तुम्ही उत्तरेच्या चौथ्या चौकटीवर एक किलवर फेकता आणि नववा हात होतो. दुसरी गोष्ट डबलची: पेनल्टी डबल ऐकल्यावर हुकमाची वाईट वाटणी कुठे आहे याचा सुगावा खेळणाऱ्याला लागतो, पण ज्या हिशोबात त्याला सगळे आधीच दिसते, तिथे या सुगाव्याची किंमत शून्य धरली जाते. म्हणून प्रोग्रामने काठावरचे डबल केले, तर त्याचे अनुकरण करू नये.

दुसरा दोष अधिक खोल आहे. बोली करून पाहायची तर पुढे बाकीचे तिघे काय बोलतील याचाही अंदाज लागतो, आणि तो अंदाज गिब आपल्याच नियमसंग्रहातून घेतो. गिन्सबर्ग यांनी स्वतःच यातले दोन धोके सांगितले आहेत. संग्रह थोडा भित्रा असेल, तर प्रत्येक रोबॉट आपला भिडू भित्रेपणाने बोलला असे धरून स्वतः जोर लावतो. दोघेही तसेच करतात आणि जोडी मिळून नको तितकी वर जाते. दुसरा धोका गमतीचा आहे. एखाद्या दुर्मीळ बोलीवर, समजा सात चौकटवर, संग्रहात काही मूर्ख उत्तर नोंदले गेले असेल, तर नियमांप्रमाणे बोलणाऱ्या साध्या प्रोग्रामवर ती वेळ क्वचितच येते. पण नमुने चालवून पाहणाऱ्या प्रोग्रामला ‘ही बोली केली की समोरचे चुकतात’ असा शोध लागतो आणि तो तिच्याच मागे लागतो. चढाओढीत बोलींचे क्रम इतके फुटतात की संग्रहाला अशी भोके राहणारच. रोबॉटने अचानक आचरट उडी मारली की त्याला वेडा ठरवण्याआधी त्या बोलीनंतरची वर्णने वाचावीत. ती परस्परविरोधी किंवा कोरी दिसली, तर उडीचे कारण सापडले असे समजावे.

नियमसंग्रहाऐवजी न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांतून शिकणाऱ्या प्रोग्रामला, बोली शिकवण्याचे प्रयत्न गेल्या दशकात झाले. सुरुवातीच्या कामांत प्रतिपक्ष सदैव पास करतो असे गृहीत धरले जाई. चढाओढीची बोली हाताळणारे काम २०१९ च्या सुमारास पुढे आले. पॅरिसमध्ये २०२२ साली ‘नुक’ या प्रोग्रामने आठ जगज्जेत्या खेळाडूंवर मात केली तेव्हाही खेळ फक्त पत्ते खेळण्याचा होता, बोली वगळलेली होती. नेटवर्कवर चालणारा प्रोग्राम वापरत असाल, तर पहिली पायरी बदलते, कारण त्याच्या बोलीमागे लिखित वर्णन असेलच असे नाही. अशा वेळी तोच बोलीक्रम ठेवून स्वतःची पाने थोडी थोडी बदलावीत, सहावे इस्पिक काढून तिसरा बदाम घालावा, आणि तो कुठे पास करू लागतो यावरून अर्थ ताडावा.

एक खबरदारी सरावाचे टेबल निवडताना घ्यावी. ब्रिज बेस ऑनलाइनच्या अनेक रोबॉट स्पर्धांत सर्वाधिक पॉइंटांची पाने मुद्दाम माणसाला दिली जातात. तिथे प्रतिपक्षापैकी कोणाचीही पाने तुमच्यापेक्षा भारी नसतात, त्यामुळे ओव्हरकॉल हलके पडतात आणि दुबळ्या पानांवर पास करायचे की बोलायचे हा खरा अवघड प्रश्न समोर येतच नाही. चढाओढीसाठी बसायचे असेल, तर पाने सरसकट पिसून वाटणारा प्रकार निवडावा.